इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करायला परवडणारा माइक कोणता घ्यावा?

सहावी_तार

नमस्कार मंडळी. मुक्काम सांगली, विश्रामबाग. दिवसा नोकरी, रात्री जेवणं उरकली की गिटार. स्ट्रॅटच्या धर्तीची सिंगल-कॉइल गिटार, वीस वॅटचा आठ इंची स्पीकरवाला ट्रान्झिस्टर अँप आणि मित्राकडून जुना घेतलेला दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस (गिटार-माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) एवढा संसार जमलाय. आता अँपसमोर लावायला माइक हवाय. बजेट चार हजार, घरी न बोलता सहापर्यंत जाईन.

जो तो शुअर एसएम५७ सांगतो. तो नवा घ्यायचा तर दहा हजारांच्या आगेमागे जातो, म्हणजे जवळपास माझ्या अँपइतका. त्याच्या निम्म्यात धड काही मिळतं का? एका दुकानदाराने तर ठणकावून सांगितलं की रेकॉर्डिंगला कंडेन्सरच लागतो, डायनॅमिक म्हणजे भाषणाचे माइक. हे खरं का?

आणखी एक. चुलत्यांच्या मंडप-डेकोरेशनच्या धंद्यातला आहुजाचा एक माइक घरी पडून होता. तो लावून पाहिला, तर गेन शेवटपर्यंत फिरवूनही स्क्रीनवर जवळपास सरळ रेघ. माइक गेला असं समजायचं का?

रेकॉर्डिंग रीपर या सॉफ्टवेअरमध्ये करतो. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, खाली घरमालक. त्यावरून काय ते समजा.

कोयनाकाठ

वाचनखूण साठवली आहे. साताऱ्यात बसून मीही हेच शोधतोय. जाणकारांनी लिहावं.

पेंटाटॉनिका

माइक गेलेला नसावा. त्याची वायर इंटरफेसला कोणत्या टोकाने लावलीत? तीन पिनांच्या एक्सएलआरने की गिटारच्या वायरीसारख्या जाड जॅकने?

सहावी_तार

जॅकने. माइकसोबत तीच वायर होती.

पेंटाटॉनिका

मग तिथेच गोम आहे. इंटरफेसवरचं कॉम्बो सॉकेट बाहेरून एकच दिसतं, पण आत वाटा वेगळ्या असतात. मधल्या तीन भोकांत एक्सएलआर घातला तर सिग्नल माइकच्या प्रीअँपला, म्हणजे बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या भागाला जातो. जॅक घातला तर तो लाइन किंवा इन्स्ट्रुमेंट इनपुटला जातो, आणि तिथे बऱ्याच मोठ्या सिग्नलची अपेक्षा असते. डायनॅमिक माइक (चुंबक आणि कॉइलवाला) मुळात फार थोडं व्होल्टेज देतो. एसएम५७ समोर ९४ डीबीचा आवाज झाला तर बाहेर १.६ मिलिव्होल्ट पडतात. गिटारचा पिकअप (तारांखालची चुंबक-कॉइल) सहज त्याच्या शंभरपट देतो.

मंडपवाल्यांच्या अँप्लिफायरना माइकची इनपुटंच जॅकची असतात, म्हणून त्या माइकसोबत तशी वायर येते. तिथे ती बरोबरच आहे. तुम्ही दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली वायर आणा, काही शे रुपयांत मिळेल. माइकच्या बुडाला तीन पिना आहेत ना, ते मात्र आधी बघा. वायर कायमची जोडलेली असेल तर हा उपाय नाही.

नवा माइक घेण्याआधी हा करून बघा. त्याचा आवाज कसाही असो, हात बसेल.

जुना_मंडपवाला

ताई बोलल्या ते बरोबर हाय. आमच्यात ह्या वायरीवरनं निम्मी भांडणं हुत्यात.

मी गणपती, लग्न, ऑर्केस्ट्रा, बँजो पार्टी, सगळं वाजवलंय, म्हंजे साउंड दिलाय. गिटारवाल्याचा अँप मोठ्या सिस्टीमवर घ्यायचा तर माइक लागतोच. आता पोरं काय करत्यात, स्टँड कमी पडला की माइक वायरीवर अँपच्या पुढं सोडत्यात. एसएम५७ असूंदे नायतर बेरिंजर एक्सएम८५००, तसा सोडला की त्याचं तोंड जमिनीकडं. त्यो ऐकणार काय? स्टेजच्या फळ्या. लटकवायला वायलं मॉडेल येतंय, सेन्हायझरचा ई६०९. त्यो चपटा असतोय आणि बाजूनं ऐकतोय, त्यामुळं कापडाला चिकटून सरळ लोंबला तरी चालतंय. बाकीच्यास्नी स्टँड पायजेच. म्हणून सांगतो, चार हजारातलं स्टँडचं पैसं आधी बाजूला काढ भावा. बुटका स्टँड घे, बूमवाला. उंच स्टँडला जड माइक लावून खाली वाकवला की रात्री कधीतरी त्यो तोंडावर पडतोय.

कोयनाकाठ

कंडेन्सरवाल्या दुकानदाराची थोडी बाजू घेतो. माझ्याकडे ऑडिओ-टेक्निका एटी२०२० आहे, गाण्यासाठी घेतलेला. लोक म्हणतात कंडेन्सर अँपसमोर फाटतो. याची कमाल मर्यादा १४४ डीबी आहे, घरातला वीस वॅटचा अँप त्याच्या जवळपासही जात नाही. आवाज स्वच्छ येतो. फक्त ४८ व्होल्ट फँटम (वायरीतूनच माइकला जाणारी वीज) चालू करावा लागतो, तो बहुतेक इंटरफेसवर असतोच.

पेंटाटॉनिका

फाटण्याबद्दल सहमत. "कंडेन्सर सगळी खोली ओढतो" हेही लोक सरसकट बोलतात, ते अर्धंच खरं. माइक किती लांब ठेवलाय आणि त्याची दिशा कोणती, यावर खोली किती येणार ते ठरतं. दोन्ही कार्डिऑइड (समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणारे) असतील आणि दोन्ही स्पीकरपासून तीन सेंटीमीटरवर असतील तर खोलीचा वाटा फारसा वेगळा नसतो. फरक वरच्या पट्टीत पडतो. कंडेन्सर २० किलोहर्ट्झपर्यंतचं बारीकसारीक सगळं उचलतो.

आता गिटारच्या अँपमध्ये तिथे वर असतं काय? गिटारचा स्पीकर हा घरच्या म्युझिक सिस्टीमच्या स्पीकरसारखा नसतो. त्यात ट्वीटर नाही, नुसता कागदी कोन. साधारण ५ किलोहर्ट्झनंतर त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. डिस्टॉर्शनमधली कर्कश किरकिर तिथेच गाळली जाते, म्हणून तर विकृत केलेला सिग्नल कानाला गोड लागतो. त्याच्या वर जे उरतं ती अँपची हिस्स, आणि तुमच्या स्वयंपाकघरातली फोडणी.

एसएम५७ ची रेंज कागदावर ४० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ. आकडे बघून माणूस नाक मुरडतो. पण गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते आणि स्पीकर ५-६ किलोहर्ट्झला थकतो, म्हणजे दोन्ही टोकांना जागा उरतेच. शिवाय या माइकला ५-६ किलोहर्ट्झच्या आसपास उठाव दिलेला आहे, नेमका तिथे जिथे गिटारला मिक्समध्ये पुढे यायचं असतं. हा माइक १९६५ पासून विकला जातोय, तो उगीच नाही.

तेव्हा दुकानदाराचं म्हणणं गाण्याला किंवा ॲकॉस्टिक गिटारला बऱ्यापैकी लागू, तुमच्या कामाला नाही. कंडेन्सर घरात असेल तर खुशाल वापरा. मुद्दाम विकत घेऊ नका.

विदा_वेडा

पण मुळात माइक कशाला? रागावू नका, पण २०२० च्या दशकात दुसऱ्या मजल्यावर, घरमालकाच्या डोक्यावर बसून अँप वाजवायचा हट्ट का? गिटार थेट इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला लावा. न्यूरल अँप मॉडेलर हे अँपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर फुकट आणि ओपन सोर्स आहे, लोकांनी खऱ्या अँप्सच्या ढिगाने कॅप्चर फाइली केल्यात. पुढे एखाद्या चांगल्या कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स लावा, झालं. तो इम्पल्स रिस्पॉन्स म्हणजे कोणीतरी चांगल्या खोलीत, चांगल्या स्पीकरसमोर, बहुतेक वेळा एसएम५७ च लावून घेतलेला ठसा असतो. चार हजार वाचले, रात्री दोन वाजताही वाजवा. तुमचा आठ इंची स्पीकर या सगळ्याशी स्पर्धा करू शकणार नाही, हे कडू वाटलं तरी खरं आहे.

जुना_मंडपवाला

म्हंजे गिटार तुमची, अँप दुसऱ्याचा, खोली तिसऱ्याची.

विदा_वेडा

आणि गाणं श्रोत्याचं. त्याला काय फरक पडतो, काका?

सहावी_तार

विदा_वेडा, तुमचं पटतंय आणि तो प्रकार मी वापरतोही. पण अँपची नॉब फिरवली की समोरची हवा हलते, फीडबॅक येतो, त्याच्यासोबत वाजवायला वेगळी मजा आहे. मला माझ्याच अँपचा आवाज पकडायचाय, भले तो लहान असो. शनिवारी दुपारी घरमालक गावाला असतात.

अँपला हेडफोनचं सॉकेट आहे. तिथून थेट वायर काढून रेकॉर्ड केलं तर?

पेंटाटॉनिका

हेडफोन सॉकेटमधून घ्यायला हरकत नाही, इंटरफेस लाइन इनपुटवर ठेवा आणि आवाज कमीपासून सुरू करा. काही अँपमध्ये त्या सॉकेटला कॅबिनेटची नक्कल जोडलेली असते, काहींत नसते. नसेल तर आवाज गोमाशीसारखा येईल, मग पुढे इम्पल्स रिस्पॉन्स लावावा लागेल.

मात्र अँपच्या मागे "स्पीकर" लिहिलेलं सॉकेट असेल तर तिथून इंटरफेसला चुकूनही वायर जोडू नका. तिथे स्पीकर हलवण्याइतकी ताकद असते, इंटरफेस जळेल. आणि पुढे कधी व्हॉल्व्हचा अँप घेतलात तर त्याचा स्पीकर काढून तो चालू करू नका, आतला ट्रान्सफॉर्मर जायची भीती असते.

मिरज_जंक्शन

किमतीवर थोडं. एसएम५७ आणि शुअरचाच गाण्याचा माइक एसएम५८, दोन्हींच्या नकली प्रती आपल्याकडे मुबलक मिळतात. खोकं, पाउच, क्लिप, कागद, सगळं असतं. मीही एका ऑनलाइन विक्रेत्याकडून "ऑफर"मध्ये घेतला होता. हातात घेतल्याबरोबर हलका लागला, म्हणून घरच्या काट्यावर ठेवला. एसएम५७ चं वजन २८४ ग्रॅम. माझ्या माइकने दोनशेचाही आकडा गाठला नाही. परत करताना जी दमछाक झाली ती सांगत बसत नाही. तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडून पक्कं बिल घ्या, आणि किंमत बाजारापेक्षा फारच उतरलेली दिसली तर समजून जा.

जुना घ्यायचा तर ऑर्केस्ट्रावाल्यांकडे मिळतात. जाळी चेपलेली असली तरी चालेल. हलवून बघा, आत काही खडखडत असेल तर नको. आणि माझ्यासारखे कुपवाड एमआयडीसीत काम करणारे असाल तर माइक वर्कशॉपमध्ये नेऊ नका. डायनॅमिक माइकमध्ये चुंबक असतं, लोखंडाचा बारीक कीस त्याच्याकडे ओढला जातो आणि पडद्यावर बसतो. तो मग निघत नाही.

कोयनाकाठ

मग चार हजारांत नक्की कोणता? कोणी नाव घेत नाही.

पेंटाटॉनिका

घेते. बेरिंजर एक्सएम८५००. गाण्याचा डायनॅमिक माइक आहे, कार्डिऑइड, ५० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ. स्टँड आणि वायर धरूनही बजेटमध्ये बसेल. दिसायला एसएम५८ च्या वळणाचा. वरच्या पट्टीत ५७ इतका मोकळा नाही, थोडा झाकोळलेला वाटतो, पण माइक सेंटीमीटरभर मध्याकडे सरकवला की तो फरक बराच भरून निघतो. गाण्याच्या माइकची ती गोल जाळी असते, तिच्यामुळे आतली कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग) थोडी मागे राहते. म्हणून जाळी अँपच्या कापडाला टेकवली तरी बिघडत नाही.

सहापर्यंत जाणार असाल तर शुअर पीजीए५७ ची किंमत विचारा. वाद्यांसाठीचाच माइक आहे, एसएम५७ पेक्षा बराच स्वस्त. जुना, खात्रीचा ५७ किंवा ५८ सहा हजारांत मिळत असेल तर मी मात्र डोळे झाकून तोच घेईन. ५७ आणि ५८ एकाच घराण्यातले, दोघांचं मूळ शुअरने १९५९ मध्ये काढलेल्या युनिडाइन ३ कॅप्सूलमध्ये आहे. गिटारवर ५८ चालत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला डोळे मिटून ओळखायला सांगा.

यूएसबी माइक घेऊ नका, इंटरफेस असताना तो पैसा वाया. रिबन माइक गिटारवर फार सुंदर लागतो, पण स्वस्तातला रिबन म्हणजे सांभाळायचं काम, आणि चुकीच्या वायरीने फँटम गेला तर रिबन जायची भीती. आत्ता नको.

विदा_वेडा

ठीक, माइकच घ्यायचा ठरलाय तर एक विचारतो. इतका स्वस्त इंटरफेस आणि इतका बारका सिग्नल, प्रीअँपची हिस्स येणार नाही का? लोक त्यासाठी वेगळा बूस्टर विकत घेतात.

पेंटाटॉनिका

तो प्रश्न हळू बोलणाऱ्या पॉडकास्टवाल्यांचा. स्पीकरपासून दोन-तीन सेंटीमीटरवर, अँप टीव्हीच्या आवाजाइतका लावला तरी माइकच्या तोंडाशी नव्वदच्या वर डीबी सहज असतात. ४०-४५ डीबी गेनमध्ये काम होतं, आणि साधे इंटरफेसही पन्नासच्या पुढे देतात. बूस्टर नको. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करा आणि सगळ्यात जोरात वाजवलेला स्ट्रोक उणे १२ डीबीच्या आसपास राहील इतकाच गेन ठेवा. मीटर लालपर्यंत न्यायची सवय कॅसेटच्या काळातली, ती सोडा.

सहावी_तार

एक्सएलआर वायर आणली. आहुजाचा माइक ठणठणीत आहे! गेन अर्ध्यावरच मीटर नाचायला लागला. ताई, धन्यवाद.

पण आवाज नाकातून आल्यासारखा येतोय. स्पीकरच्या बरोबर मध्यावर, कापडाला टेकवून ठेवला होता. आणि गिटार हातात घेतली की मागे सतत घूंऽऽ चालू, त्यात अधूनमधून चरचर.

जुना_मंडपवाला

ती चरचर पंख्याची. रेग्युलेटर जुना, गोल फिरवायचा हाय का? पंखा पुरा पाचवर कर नायतर बंद कर, गेली बग. घूं म्हंजे लाइटीची पन्नास हर्ट्झ. सिंगल-कॉइल पिकअप ती पकडतोयच. गिटार घेऊन खुर्चीवर हळूहळू गोल फिर. एका दिशेला घूं निम्मी हुईल, तिकडं तोंड करून बस. लॅपटॉपचा चार्जर काढून बग. अँपपासनं जरा लांब बस.

आणि तारंला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर गिटार खाली ठेव आणि वायरमनला बोलव. अर्थिंग न्हाई. घूं जावी म्हणून प्लगची तिसरी पिन तोडणारी माणसं मी बगितल्यात. तसलं काय करू नगं. पावसाळ्यात वल्या मंडपात हुबं राहून ही गोष्ट सांगतोय तुला.

पेंटाटॉनिका

काकांच्या पिनेच्या मुद्द्याला दुजोरा. आता नाकातल्या आवाजाकडे येते, जरा लांबेल.

अँपच्या कापडाला टॉर्च चिकटवून आत बघा. स्पीकरच्या मधोमध एक छोटी गोल टोपी दिसेल, तिला डस्ट कॅप म्हणतात. तिच्या बाहेर तिरपा कोन, आणि कडेला घडीदार कड. टोपीच्या मध्यावर आवाज सगळ्यात तिखट. कडेकडे जाल तसा मंद आणि जाड. टोपी जिथे संपते आणि कोन सुरू होतो त्या रेषेवर बहुतेकांचं समाधान होतं. मी घरातलं टिकल्यांचं पाकीट घेते आणि टॉर्चच्या उजेडात कापडावर एक टिकली मध्यावर, एक टोपीच्या कडेवर आणि एक कोनाच्या निम्म्यावर लावते. मग माइक अंधारातही नेमका ठेवता येतो, आणि उद्या परत तिथेच आणता येतो. तुमचा स्पीकर आठ इंची आहे, तेव्हा या टिकल्या एकमेकींच्या अगदी जवळ येतील. बारा इंची स्पीकरवर जो फरक दोन बोटांनी पडतो तो तुमच्याकडे एका बोटाने पडेल.

अंतराचं गणित वेगळं. दिशा असलेला कोणताही माइक आवाजाच्या उगमाजवळ नेला की खालचे स्वर फुगतात. त्याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात. लहान स्पीकरला मुळात खर्ज कमी, तेव्हा दोन सेंटीमीटरवर ठेवून हा फुगवटा फुकटात वापरून घ्या. गुरगुर जास्त झाली तर माइक चार-पाच सेंटीमीटर मागे. मिक्समध्ये ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, तिथे गिटार नसतेच. तरीही तिखट वाटलं तर माइक तिथेच ठेवून तोंड तिरकं करा, पंचेचाळीस अंशांपर्यंत. इक्वलायझरला हात लावायच्या आधी हे सगळं.

अँप फरशीवरून उचला. स्टूल, पाट, काहीही चालेल. माइक फूटभर मागे घ्यायचा असेल तर हे फारच गरजेचं. एक आवाज थेट येतो आणि दुसरा फरशीवर आपटून उशिरा येतो. त्या दुसऱ्याला ३४ सेंटीमीटर जास्त चालावं लागलं तर तो एक मिलिसेकंद मागे पडतो, आणि ५०० हर्ट्झच्या आसपास दोघं एकमेकांना खातात. गिटारचा गाभाच तिथे असतो, मग आवाज पोकळ येतो आणि माणूस माइकला शिव्या देतो. अगदी जवळ ठेवलात तर थेट आवाजच इतका मोठा असतो की फरशीचं काही चालत नाही. मागे एखादी जाड गोधडी टांगलीत तर खोलीची घुमी कमी होईल. घरमालकाला मात्र तिचा काही उपयोग नाही.

मिरज_जंक्शन

एकटा माणूस वाजवणार कधी आणि माइक सरकवणार कधी?

पेंटाटॉनिका

लूपर पेडल असेल तर उत्तम. एक रिफ वाजवून लूप चालू ठेवायची, हेडफोन घालायचे आणि शांतपणे माइक सरकवत बसायचं. लूपर नसेल तर अँप चालू ठेवून नुसती हिस्स ऐकली तरी अंदाज येतो. हिस्स जिथे ना फार टोचरी ना फार दबलेली, तिथून सुरुवात करायची.

विदा_वेडा

आणि दोन जागांची तुलना करताना दोन्ही ट्रॅक आधी सारख्या मोठेपणाचे करून घ्या. जो थोडा जोरात असतो तोच चांगला वाटतो, हा कानाचा जुना खोडसाळपणा आहे. अर्धे माइक याच जोरावर खपतात.

सहावी_तार

पंखाच होता. बंद केल्यावर चरचर गायब, आणि गिटार खिडकीकडे तोंड करून धरली की घूंसुद्धा बरीच खाली जाते. अँप स्टुलावर चढवला. आईच्या टिकल्या कापडावर पाहून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहित नाही.

टोपीच्या कडेवर ठेवल्यावर नाकातला आवाज गेला, हे मला अजून खरं वाटत नाहीये. तोच माइक, तोच अँप. ओव्हरड्राइव्ह जरा जाडसर लागतोय, पण क्लीन आवाजाला काहीतरी कमी पडतंय. जाळीच्या आत ब्लँकेट कोंबल्यासारखा.

जुना_मंडपवाला

त्यो माइक भाषणासाठी हाय रे. पुढाऱ्याचं बोलणं लांब ऐकू गेलं की त्याचं काम झालं. तुझा क्लीन आवाज त्याच्याकडनं मागू नगस.

कोयनाकाठ

टिकल्यांचा प्रयोग मी एटी२०२० वर केला. मध्यावर अतिशय बोचरा. कोनाच्या निम्म्यावर, पंधरा सेंटीमीटर मागे, क्लीन गिटार झकास येते. डिस्टॉर्शन लावलं की मात्र वर बारीक वाळू वाजल्यासारखं होतं, ते ८ किलोहर्ट्झच्या वरचं कापून टाकावं लागतं. ताई म्हणत होत्या ते हेच असावं.

सहावी_तार

शेवटी एक्सएम८५००, बुटका बूम स्टँड आणि आणखी एक एक्सएलआर वायर अशी खरेदी केली. चार हजारांत बसलं. एक जुना एसएम५७ कोल्हापुरात मिळत होता, पण विक्रेता काट्यावर ठेवून दाखवायला तयार नव्हता, म्हणून नाद सोडला.

टोपीच्या कडेवरून अगदी किंचित मध्याकडे, जाळी आणि कापड यांत एका बोटाचं अंतर. क्लीन आवाजात पिक तारेला लागतो ते आता ऐकू येतं. इंटरफेसच्या दुसऱ्या इनपुटला आहुजा कडेच्या टिकलीवर ठेवून पाहिला, दोन्ही एकत्र केले तर आवाज बारीक झाला. हे का?

पेंटाटॉनिका

दोन्ही माइक स्पीकरपासून सारख्या अंतरावर नाहीत, तोच उशिरा पोचण्याचा घोळ. एकाचा फेज उलटा (लाटेचं वरचं खाली) करून बघा. आणखी बारीक झाला तर आधीचंच बरोबर होतं. मग दुसरा माइक थोडाथोडा पुढेमागे करा, जिथे सगळ्यात जाड लागेल तिथे थांबा. रीपरमध्ये ट्रॅक सरकवूनही जमेल. पण मला विचाराल तर दुसरा काढून ठेवा. एका माइकने येत नाही असं तुमच्या गिटारमध्ये सध्या काही नाही.

मिरज_जंक्शन

अवांतर, पण आता विचारतोच. आमच्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तेव्हापासून गल्लीतल्या एका कारागिरांना तंबोरे रेकॉर्ड करून गिऱ्हाइकांना पाठवायचेत. त्यांना मीही एक्सएम८५०० सुचवू का?

पेंटाटॉनिका

नका. तिथे सहावी_तार यांच्या दुकानदाराचा कंडेन्सर बरोबर आहे. तंबोऱ्याला मध्ये कागदी स्पीकर नाही. जवारीतून जे झिरपतं ते फार वरपर्यंत जातं, आणि गिऱ्हाईक ऐकणार तेच. शिवाय आवाज नाजूक, माइक हातभर लांब ठेवायचा, म्हणजे डायनॅमिकला गेन इतका द्यावा लागेल की हिस्स दिसायला लागेल. कोयनाकाठ यांचा एटी२०२० इथे कामाला येईल. खोली मात्र रेल्वे लाइनपासून लांबची शोधा. बाकीचं वेगळ्या धाग्यात बोलू, नाहीतर संपादक ओरडतील.

विदा_वेडा

सहावी_तार, आता क्लिप टाका. तुमचा अँप आणि एक्सएम८५०० एकीकडे, न्यूरल अँप मॉडेलर दुसरीकडे, तेच वाजवून, दोन्हींचा मोठेपणा सारखा करून. कोणती कुठली ते सांगू नका. मग भांडू.

जुना_मंडपवाला

टाक टाक. मी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणार हाय, आधीच सांगतो.